सोमीबाई भोये जिवंत आहे

अन्याय झाला तो मंजुळावर. वय वीस, सातवा महिना, माहेर आंबेपाडा, तालुका पेठ. कधी झाला? २००७ च्या जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी नऊ वाजता. कुठे? विंचूरच्या कांदा बाजाराबाहेर, चहाच्या टपरीच्या खांबापाशी. कोणी केला? मी.

एरवी आमच्या संघटनेच्या पत्रकांत शेवटच्या प्रश्नापुढे सरकार असतं, ठेकेदार असतो, नाहीतर पुढारी असतो. या वेळी मी आहे. कॅमेरा माझा, फोटो माझा, मथळा माझा. त्या खांबावर आमचं पत्रक चिकटवलं होतं. मंजुळाला वाचता येत नाही, पण जाड काळ्या चौकटीत आपल्या आईचा फोटो तिला दिसला. डोळे मिटलेले. टपरीवाल्याला तिने विचारलं, काय लिहिलंय? त्याने वाचून दाखवलं: तहानेचा बळी, सोमीबाई भोये, आंबेपाडा. वाचणाऱ्याने बरोबर वाचलं. मंजुळा लगेच निघाली.

सोमीबाई मेलेली नाही. तेव्हाही नव्हती.

शनिवार-रविवार मी मंजुळाला शोधत फिरले, त्या प्रवासाची ही हकिकत. पेठ रस्त्याने कधी गेला नसाल तर सांगते, रस्ता सुंदर आहे. मला तो नीट दिसला नाही. भीतीने दिसत नाही, हेही त्या दोन दिवसांत कळलं.

आधीची खेप, मे महिना

कॅमेरा मामाने परदेशातून आणला. डिजिटल, तीन मेगापिक्सेलचा, साबणाच्या वडीएवढा. तोवर इंदिरानगरच्या आमच्या घरात कॅमेरा म्हणजे छत्तीस फोटोंचा रोल. लग्नात घातलेला रोल बारशाला संपायचा. आता रोलच नाही! हवे तेवढे काढा, नको ते पुसा. मी वेडीच झाले. दर रविवारी बाहेर पडायचे. गंगापूर धरणाचे बगळे काढले, फुलबाजारातले झेंडूचे ढीग काढले, आमच्या गॅलरीतलं मांजर तर शंभरदा. उन्हात पडद्यावर काही दिसायचं नाही, दोन सेल तासाभरात मान टाकायचे. आणि बटण दाबलं की कॅमेरा क्षणभर विचार करायचा, मग फोटो निघायचा. हसू टिपायला जावं तर हसू ओसरल्यावरचा चेहरा यायचा.

मे महिन्यात संघटनेबरोबर आंबेपाड्याला गेले. पाड्याला विहीर नाही. बाया खडकातल्या झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. विहिरीच्या मागणीसाठी फोटो हवे होते. सोमीबाई झऱ्याशी बसली होती, मी तिचे अकरा फोटो काढले. नऊ फोटोंत ती हसते आहे. मी खडकावर घसरून बसले होते ना, त्याला हसत होती. एकात कॅमेराच हलला. आणि एकात, त्या मेल्या कॅमेऱ्याच्या विचार करण्यामुळे, तिची पापणी मिटलेली आणि तोंड अर्धवट उघडं.

मंजुळाने फोटो काढू दिला नाही. "माझा नको, मना लाज वाटं," म्हणत बाजूला सरली. एका फोटोच्या कडेला तिचं कोपर तेवढं आलंय, हिरव्या गोंदणाचं. पाच ठिपके.

जानेवारीत पत्रक करायचं ठरलं. मला शिकवलेलं असं की रस्त्यावरचा माणूस पत्रकाला पाच सेकंद देतो, पहिल्याच सेकंदाला धक्का बसला पाहिजे. हसणारे नऊ फोटो कोणाला धक्का देणार? मी मिटल्या डोळ्यांचा निवडला. कॉम्प्युटरवर काळा-पांढरा केला, गालांखाली अंधार वाढवला. छापखान्यातले काका म्हणाले, "जाड काळी चौकट टाकू का? उठाव येईल." मी म्हटलं, टाका. आपल्याकडे काळ्या चौकटीतला फोटो कोणाचा असतो हे मला ठाऊक नव्हतं? रोज पेपरात बघते. पण तेव्हा मला तिथे माणूस दिसतच नव्हता, पत्रक दिसत होतं.

शनिवार, विंचूर

दुपारी बाराला संजयचा फोन आला. संजय आमचा कार्यकर्ता. सकाळी त्यानेच विंचूरला पत्रकं लावली होती. म्हणाला, "तू ये. लगेच. इथल्या मुकादमानं माझी कॉलर धरलीय."

मुकादमाचं नाव नामदेव. पेठ-सुरगाण्याकडून माणसं आणून तो कांदा लागवडीला लावतो. मी पोचले तेव्हा टोळी वाफ्यात होती. बाया ओळीने वाकून चिखलात रोपं खोचत मागे मागे सरकत होत्या. मला बघून कोणी थांबलं नाही.

"तूच का ती फोटूवाली?" नामदेवने विचारलं.

"हो."

"लय शहाणी हायेस. माझी बाई गेली ना निघून! हातातली रोपंबी ठिवली नाय तिनं. अन् वर हा तुमचा संजय मला इचारतो, बाई कुठंय म्हून. मला काय म्हाईत? तिनं कवा एकटीनं गाडी धरलीय का? दर साली मीच टेम्पोत घालून आणतो, मीच नेऊन सोडतो. तिला पाटीबी वाचता येत नाय."

मी कॅमेरा काढला. का काढला माहीत नाही, बहुधा काहीतरी दाखवायला हवं म्हणून. कॅमेरा दिसताच तीनचार जणींनी पदर तोंडावर ओढला. मी ओरडले, "काढत नाही! दाखवतेय." मग एक म्हातारी चिखलाचे हात मांडीला पुसत आली. मी तळहाताची सावली धरून पडदा दाखवला. झरा, वाटी, हसणारी सोमीबाई. एकेक करत नऊ.

"ही त हासं," म्हातारी म्हणाली. सगळ्या गोळा झाल्या. "मंग मेली कवा?"

"मेली नाही."

"चौकट?"

मी हसणारा फोटो पुन्हा पुढे धरला.

"नाय मेली?" म्हातारीने पुन्हा विचारलं. कोणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एक बाई हळूच म्हणाली, "मंजुळा लुगडं घेऊन गेली गं." मग तिने मला समजावलं, अडाण्याला समजावतात तसं. आई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं लेकीचं पडतं. मंजुळाकडे दिवाळीचं कोरं लुगडं होतं, घडीही न मोडलेलं. ते गाठोड्यातून काढून ती गेली. आणि आईचं तोंड बघेपर्यंत लेक पाणी पीत नाही, उंचावर बसत नाही.

आमच्याकडे मरणाची बातमी आली की थर्मास भरतात, बिस्किटाचे पुडे घेतात, वाटेत कुठे थांबायचं ते ठरवतात.

"सातवा म्हयना हाय," म्हातारी म्हणाली. "पान्याबिगर कशी जायल?"

तिचा नवरा वापीला कारखान्यात, त्याला निरोप धाडायचा तर पत्ता कोणाकडे नाही. कांद्याच्या एका टेम्पोने तिला नाशिकच्या स्टँडपर्यंत सोडलं, एवढंच टपरीवाल्याला माहीत होतं. मी स्टँडवर पोचले तेव्हा पेठकडची शेवटची गाडी गेली होती. प्रत्येक बाकाखाली वाकून पाहिलं. बाकावर ती बसणार नव्हतीच.

रविवार, पेठ रस्ता

पहिल्या गाडीने निघाले. अकरा फोटो आईचे आणि लेकीचा एकही नाही, म्हणून कंडक्टरला कॅमेऱ्यातलं तिचं कोपर दाखवलं.

"ताई, कोपरावरून बाई शोधायची?" तो म्हणाला. "उद्या नख दाखवाल."

"गोंदण बघा. पाच ठिपके. हातात कोरं लुगडं असेल."

त्याचं हसू गेलं. "खाली बसलेली? काल संध्याकाळची गाडीबी माझीच होती. अर्धी गाडी रिकामी, अन् बाई खाली, पायरीपाशी. मी म्हटलं, बाई, सीटवर बस, पोटुशी आहेस. ऐकंना. एकानं पाण्याची बाटली पुढं केली तर तोंड फिरवलं. मला वाटलं, डोक्यानं जरा..."

"आई मेली असं वाटतंय तिला."

"अरेरे. कशानं गेली?"

"गेली नाही."

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. तिकिटाचा चिमटा दोनदा उगीच वाजवला. मग म्हणाला, "घाटमाथ्यावर उतरली. मी म्हटलं इथं काय नाही, पुढं करंजाळीला उतर, तिथं माणसं तरी भेटतील. म्हणली, माझी वाट हीच हाय."

नंतर कळलं, मुकादमाचा टेम्पो दर वर्षी टोळीला तिथेच सोडतो. तिच्या ओळखीची खूण ती एकच होती.

खिडकीबाहेर भाताची खाचरं रिकामी पडली होती. धुकं दरीतून वर येत होतं. दुसऱ्या कुठल्याही रविवारी मी चाळीस फोटो काढले असते. घाट आला तसं मी कठड्याखाली बघू लागले. दगड दिसला तरी वाटायचं, लुगडं आहे. पळस, करवंदीच्या जाळ्या, वाळलेलं गवत, सगळ्यांत मला बाई पडलेली दिसत होती. मी मोठमोठ्या सभांत बोलले आहे, पोलिसांच्या गाडीत बसले आहे. त्यात भीती कधी वाटली नाही, कारण तिथे मी बरोबर होते.

घाटमाथ्यावर एक झोपडीवजा हॉटेल आहे, चूल आणि दोन फळ्या. म्हातारा चहा उकळत होता. मी विचारण्याआधीच म्हणाला, "त्या पोरीच्या मागं आलीस का?"

"कुठे आहे ती?"

"अंधार पडाया लागला व्हता, मी जाऊ दिली नाय. लाकडं न्याया आलेल्या बाया व्हत्या, त्यांच्या संगतीनं धाडली. खालच्या पाड्यावर निजली आसंल." त्याने माझ्या पायांतल्या सँडल बघितल्या. "तुज्यानं व्हयाचं नाय हे."

वाट उतरणीची. दोनदा घसरले, दुसऱ्यांदा कॅमेऱ्यावरच पडले. खालच्या पाड्यावर ज्या बाईच्या घरी मंजुळा राहिली होती ती दारात नागली, आपली नाचणी, पाखडत होती. म्हणाली, पोर रात्रभर भिंतीला टेकून बसून होती, उजाडताच गेली. "पेजंची वाटी तोंडाला लावली मी. बाय, नुसता वास घे म्हटलं. नाय." मग मला विचारलं, "तू जेवलीस?" आणि उत्तराची वाट न बघता नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी हातावर ठेवली. चटणी काळी, तेलकट, तिखट. माझ्या पोटात शनिवार सकाळपासून काही नव्हतं, मी खाल्ली, उभ्याउभ्याच. पाणीही प्याले. आणि पिताना त्या बाईकडे बघवेना.

"कंबर दुखं म्हनत व्हती," ती म्हणाली. "लवकर जा."

आंबेपाडा

पाडा टेकाडाच्या पलीकडे. टेकाड चढता चढता रडणं ऐकू आलं. एकीचं नाही, पाचसहा जणींचं, चढत जाणारं, मध्येच तुटणारं. मी मोहाच्या झाडाला धरून उभी राहिले. कोण मेलं? सोमीबाई नक्की जिवंत होती का? मे महिन्यानंतर मी तिला पाहिलंच नव्हतं! मी लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. नंतर खरं झालं असेल तर? नाहीतर मंजुळा. नाहीतर पोटातलं. मी झाडामागे किती वेळ उभी होते सांगत नाही, सांगायला लाज वाटते.

अंगणात बाया गोलाने बसल्या होत्या. मधे सोमीबाई, डोळे टक्क उघडे. तिच्या मांडीवर मंजुळाचं डोकं. आई जिवंत दिसली म्हणून लेक रडत होती, लेक रडते म्हणून आई, आणि दोघींना बघून बाकीच्या. सोमीबाईच्या खांद्यावर कोरं हिरवं लुगडं होतं. ते तिने स्वतःच घेतलं होतं की कोणी टाकलं होतं, विचारलं नाही.

तिने मला ओळखलं. रडणं थांबलं.

"ये, फोटूवाले," ती म्हणाली. "मढं बघाया आलीस माझं?"

मी बोलायला तोंड उघडलं. माफी मागायची होती, पण बाहेर पडलं ते पत्रकातलं. विहिरीची मागणी, लोकांचं लक्ष वेधणं. तिने ऐकून घेतलं.

"हीर झाली?"

"नाही."

"मंग? मी खरंच मरंन तवा व्हईल का? सांग, तशी मरते." एक म्हातारी खुदकन हसली. सोमीबाई हसली नाही. "हासताना किती काढलेस तू. त्यातला एक नाय भेटला तुला लावाया?"

मंजुळाने तेवढ्यात आईचा हात घट्ट धरला. कळ आली होती. सुईण तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. तिने मान हलवली, पण कशासाठी ते मला कळेना. एका जीपवाल्याला गाठून आम्ही करंजाळीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सोमीबाई लेकीला वाटीने पाणी पाजत होती, झऱ्यावर हंडा भरतात तसं, थोडं थोडं. नर्सबाईंनी पोटावर नळी लावली. जागा बदलून पुन्हा लावली. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले. त्यातलं एक अक्षर वाचलं नाही.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "पण दिवस भरेपर्यंत उठायचं नाही हिने. आणि आज तरी मी काही सांगू शकत नाही."

मंजुळा तिथे आहे. मी लिहिते आहे तेव्हाही तिथेच पडून आहे. रोज फोन करते. रोज तेच उत्तर मिळतं: आज तरी.

दवाखान्याच्या पायरीवर सोमीबाईने मला बसवलं. आवाज वेगळा होता. "ती पत्रकं आणिक कठं कठं लावलीत?"

"विंचूर. ओझर. पिंपळगाव."

तिने डोळे मिटले. खरोखर मिटले, आणि फोटोतल्यासारखी ती मुळीच दिसत नव्हती. "पिंपळगावला माझी धाकली हाय. तुळशी. द्राक्षाच्या बागंत."

मी उठूनच उभी राहिले. तिने हात धरून खाली बसवलं. हिरवं लुगडं उलगडून अंगावर नीट घेतलं, केसांवरून हात फिरवला.

"आता काढ," ती म्हणाली. "डोळं उघडं हायेत तवर काढ."

मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने क्षणभर विचार केला. सोमीबाई पापणी न हलवता बघत राहिली.

नाशिक, परत आल्यावर

सोमवारी संजय आणि मी पिंपळगावला गेलो. खांबांवरची पत्रकं फाडली, काही आधीच कोणी फाडली होती. तुळशीची टोळी ज्या बागेत होती तिथून हलली आहे. कुठे गेली, मालकाला माहीत नाही. एकजण म्हणाला दिंडोरीकडे, दुसरा म्हणाला वणीकडे. तुळशीने पत्रक पाहिलं की नाही, कोणाला सांगता येत नाही. ती बागेत असेल, नाहीतर कुठल्या तरी गाडीत खाली बसली असेल. मंगळवारी पुन्हा गेलो, बुधवारी पुन्हा. तिचाही फोटो माझ्याकडे नाही.

म्हणून हे लिहिलं. सोबत सोमीबाईचा नवा फोटो छापला आहे, रंगीत, चौकट नाही.

आता तुम्ही करायचं ते. काळ्या चौकटीतलं ते पत्रक तुमच्या गावात, टपरीवर, खांबावर दिसलं तर आत्ता फाडा, उद्या नको. त्या जागी हा फोटो लावा. दिंडोरी, वणी, पिंपळगाव, ओझर, जिथे म्हणून द्राक्षाची बाग असेल तिथल्या टोळीत जा आणि मोठ्याने विचारा, तुळशी भोये आहे का, आंबेपाड्याची, सतरा वर्षांची. सापडली तर फोटो तिच्या हातात द्या. वाचून दाखवायची गरज नाही. आधी पाणी द्या, आणि सांगा: तुझी आई जिवंत आहे.